साखळीत दूर, घडीत शेजारी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्रथिनांच्या रेणूत कोणता घटक कोणाच्या शेजारी बसतो आणि त्यावरून काय कळते, हा माझा आजचा विषय आहे. नाव ऐकून कोणाला वाटेल, ही विद्यापीठातल्या मंडळींची गोष्ट. आपल्या मुलांचा आणि आपल्या घराचा तिच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. शेजाराचे महत्त्व आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. शेजाऱ्याच्या हक्कावर इस्लामने किती भर दिला आहे, हे इथे बसलेला लहान मुलगाही जाणतो. चांगला शेजार घर सावरतो, वाईट शेजार घर बसवतो. शरीरातल्या अतिसूक्ष्म जगातही हाच कायदा चालतो. तिथे एका ठिकाणी चुकीचा शेजार जुळतो, आणि त्यापायी आपल्या महाराष्ट्रातली अनेक मुले जन्मभर दुखणे सोसतात. ती हकीकत आज मी सांगणार आहे.

प्रथम प्रथिन म्हणजे काय ते पाहू. डाळीत, अंड्यात, मांसात प्रथिने असतात एवढे सर्वांना ठाऊक असते. पण प्रथिन हे केवळ अन्न नव्हे. शरीरातली बहुतेक कामे प्रथिनेच करतात. अन्न पचवणारी पाचक विकरे, स्नायू आकुंचित करणारे तंतू, रोगजंतूंशी झुंजणारी प्रतिद्रव्ये आणि रक्तातून प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन ही सारी प्रथिनेच. प्रत्येक प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब साखळी. ही अमिनो आम्ले मुख्यतः २० प्रकारची आहेत. साखळीत गुंफले जाताना त्यांच्यातून पाणी निघून जाते आणि जो भाग उरतो, त्याला शास्त्रात 'अवशेष' म्हणतात. आपण त्याला सरळ मणी म्हणू.

आता आपल्या घरातली तस्बीह डोळ्यांपुढे आणा. ती लांब धरली तर पाचव्या मण्याचे शेजारी दोनच, चौथा आणि सहावा. पण तीच तस्बीह तळहातात गोळा केली, की पाचवा मणी साठाव्याला टेकतो, बारावा नव्वदाव्याला टेकतो. दोऱ्यावर जे दूर होते ते मुठीत शेजारी झाले. प्रथिनाचे असेच होते. साखळी तयार होते आणि घडी घालून गोळा होते. फरक इतकाच की तस्बीह दरवेळी वेगळी गोळा होते, तर एका जातीचे प्रथिन सामान्यतः ठरलेल्या एकाच घडीत बसते. त्याचे काम त्या घडीवर अवलंबून असते, आणि घडी टिकते ती शेजारी आलेल्या मण्यांच्या एकमेकांशी जुळण्यावर.

हे मणी एकमेकांना धरतात तरी कसे? मुख्य प्रकार चार आहेत. काही मणी तेलासारखे असतात. पाण्यात तेलाचे थेंब एकत्र येतात, तसे हे मणी पाण्यापासून तोंड लपवून घडीच्या आत एकमेकांना बिलगतात. काही मण्यांवर विद्युतभार असतो. धन आणि ऋण भाराचे मणी जवळ आले की एकमेकांना ओढतात. तिसरा प्रकार हायड्रोजन बंधाचा. हा एकेकटा दुबळा, पण शेकडो एकत्र आले की बळकट. चौथा गंधकाचा पूल. सिस्टीन नावाच्या दोन मण्यांतले गंधकाचे अणू एकमेकांना पक्के जोडले जातात. आपल्या केसांचा चिवटपणा या पुलांमुळेच आहे. अंडे उकडले की पांढरे घट्ट होते, ते का? उष्णतेने आतले जुने शेजार सुटतात, साखळ्या उलगडतात आणि भलत्याच साखळ्यांशी गुंततात. साखळी तीच, मणी तेच, फक्त शेजार बदलला, आणि अंड्याचे पुन्हा कच्चे अंडे होत नाही.

मग योग्य शेजारी कोण, हे साखळीला कोण सांगते? अमेरिकेतील ख्रिश्चन ॲन्फिन्सेन यांनी यावर एक सुंदर प्रयोग केला. रायबोन्यूक्लिएज या प्रथिनात १२४ मणी आहेत. त्यात ८ सिस्टीन असून त्यांचे ४ पूल होतात. आठ जणांच्या चार जोड्या किती प्रकारे लागतील? गणिताचे विद्यार्थी लगेच सांगतील, ७ गुणिले ५ गुणिले ३, म्हणजे १०५ प्रकारे. ॲन्फिन्सेन यांनी युरियाच्या द्रावणात हे प्रथिन पूर्ण उलगडले आणि सारे पूल तोडले. मग युरिया काढून टाकून साखळीला मोकळे सोडले. १०५ पैकी जी एकच मांडणी बरोबर होती, तीच साखळीने आपली आपण धरली आणि प्रथिन पुन्हा काम करू लागले. पण पूल जर युरिया असतानाच जुळू दिले, तर जोड्या भलत्याच लागल्या आणि काम जवळजवळ बंद पडले. यावरून हे सिद्ध झाले, की योग्य शेजाराची माहिती मण्यांच्या क्रमातच असते. या कामासाठी त्यांना १९७२ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

आता हा शेजार मोजतात कसा ते सांगतो. विद्यार्थी मित्रांनो, इथे विशेष लक्ष द्या, कारण दहावीचे गणित येणाऱ्याला हे करता येते. क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रथिनातल्या अणूंच्या जागा शोधून काढतात. या पद्धतीने जॉन केंड्र्यू यांनी १९५८ साली मायोग्लोबिनची रचना प्रथम दाखवली आणि मॅक्स पेरुट्झ यांनी १९६० साली हिमोग्लोबिनची. पेरुट्झ यांनी ते काम १९३७ साली हाती घेतले होते. सबुरी कशाला म्हणतात ते यावरून समजावे. १९६२ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

रचना सापडली की प्रत्येक अणूचे तीन आकडे मिळतात: लांबी, रुंदी आणि उंची. ते ॲंगस्ट्रॉम या मापात असतात. मिलिमीटरचे एक कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक ॲंगस्ट्रॉम. समजा, एक मणी (१०, ४, १२) येथे आहे आणि दुसरा (१२, ७, १८) येथे. फरक २, ३ आणि ६. त्यांचे वर्ग ४, ९ आणि ३६. बेरीज ४९, वर्गमूळ ७. म्हणजे दोन मण्यांत ७ ॲंगस्ट्रॉम अंतर. अभ्यासक सर्वसाधारणपणे ८ ॲंगस्ट्रॉमच्या आत आलेल्या मण्यांना शेजारी समजतात. दोऱ्यावर अगदी लगत असलेले मणी मोजत नाहीत, कारण ते जवळ असणारच. एवढेच ते गणित. पायथागोरसचा सिद्धांत तुम्ही शिकता, तोच इथे कामाला येतो.

मग चौकटींचा कागद घ्यायचा. आडव्या ओळीवर मण्यांचे क्रमांक, उभ्या ओळीवरही तेच. ज्या दोन मण्यांचा शेजार आहे, त्यांच्या चौकटीत ठिपका द्यायचा. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ मणी आहेत. त्यांच्या जोड्या होतात १०,५८५. त्यातल्या थोड्याच चौकटी भरतात, पण भरलेल्या ठिपक्यांची नक्षी बोलू लागते. साखळीला जिथे मळसूत्रासारखा पीळ आहे, तिथे प्रत्येक मणी पुढच्या तिसऱ्या-चौथ्या मण्याजवळ येतो, म्हणून मधल्या कर्णाला लागून समांतर पट्टी दिसते. साखळी जिथे मागे वळून स्वतःशेजारी उलट दिशेने धावते, तिथे कर्णाला काटकोनात छेदणारी रेघ दिसते. आणि कर्णापासून फार दूर, कोपऱ्यात पडलेला ठिपका सांगतो, की दोऱ्यावर लांब असलेले दोन मणी इथे एकमेकांना धरून बसले आहेत. अशा दूरच्या शेजाऱ्यांतला एखादा बदलला तर पुष्कळदा सारी घडी सैल पडते.

या शास्त्रात आपल्या देशाचे नाव मानाने घेतले जाते. मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन यांनी शशिशेखरन आणि रामकृष्णन या सहकाऱ्यांसह १९६३ साली एक आलेख प्रसिद्ध केला. त्यांचा प्रश्न साधा होता: दोन अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात? दोन माणसे एका जागी उभी राहू शकत नाहीत, तसेच अणूंचे. ही किमान अंतरे पाळायची म्हटले, तर साखळी कोणकोणत्या कोनांत वळू शकेल, हे त्यांनी मांडले. आज जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेत नवी रचना सापडली की ती रामचंद्रन आलेखावर तपासून पाहतात.

आता मी सुरुवातीला म्हटलेल्या चुकीच्या शेजाराकडे वळतो. आजाराचे नाव सिकलसेल. यात रक्तातल्या गोल, लवचिक तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, लवकर फुटतात. रोग्याला हाडे आणि सांधे असह्य दुखतात, रक्त कमी पडते, वारंवार जंतुसंसर्ग होतो. अमेरिकेत जेम्स हेरिक यांनी १९१० साली अशा पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी निरोगी आणि रोगी हिमोग्लोबिनचे तुकडे करून कागदावर त्यांचे ठिपके पसरवले. बाकी ठिपके जुळले, एक जुळला नाही. १९५७ साली त्यांनी नेमका फरक सांगितला: बीटा साखळीच्या १४६ मण्यांपैकी फक्त सहावा मणी बदललेला होता. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन आले होते.

एका मण्याने एवढे आभाळ का कोसळावे? याचे उत्तर शेजारात आहे. ग्लुटामिक आम्लावर ऋणभार असतो. ते पाण्यात सुखाने राहते. व्हॅलीन तेलकट, त्याला पाणी नको असते. हा सहावा मणी हिमोग्लोबिनच्या बाहेरच्या अंगाला, पाण्यात उघडा आहे. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याचा आकार किंचित बदलतो. तेव्हा शेजारच्या दुसऱ्या हिमोग्लोबिन रेणूवर एक तेलकट खाच त्याला सापडते. ती खाच बीटा साखळीतल्या ८५व्या आणि ८८व्या मण्यांची, म्हणजे फेनिलॲलॅनीन आणि ल्युसीन यांची. साखळीला तिथे पीळ असल्यामुळे हे दोघे एकाच बाजूला येतात. व्हॅलीन त्या खाचेत जाऊन बसते. एक रेणू दुसऱ्याला चिकटतो, दुसरा तिसऱ्याला. पाहता पाहता १४ धाग्यांचा पीळदार दोर तयार होतो आणि तो पेशीला आतून ताणून विळ्यासारखी करतो. प्राणवायू मिळाला की दोर विरघळतो, पण असे वारंवार झाले की पेशी कायमची ताठ होते. जो शेजार जुळायला नको होता, तो जुळला, एवढाच काय तो गुन्हा.

आणि शेजाराच्या अभ्यासाने रोग समजला, तसा उपायाचा रस्ताही दाखवला. जॅनेट वॉटसन या डॉक्टर बाईंनी १९४८ साली ध्यानात आणून दिले, की सिकलसेलच्या नवजात बाळांच्या पेशी सहसा विळ्यासारख्या होत नाहीत, आणि याचे कारण त्यांच्या रक्तातले गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन असावे. मुलींनो, हे निरीक्षण एका स्त्रीचे आहे, हे लक्षात ठेवा. त्या बालहिमोग्लोबिनच्या साखळीत ८७व्या जागी थ्रिओनीनऐवजी ग्लुटामीन असते. जागा बघा: ८५ आणि ८८ यांच्या मधोमध, त्या खाचेच्या अगदी काठावर. दारातच दुसरा कोणी उभा राहिल्यासारखे होते आणि चुकीच्या शेजाऱ्याला आत शिरता येत नाही. हायड्रॉक्सियुरिया हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले जाते, ते हे बालहिमोग्लोबिन वाढवते. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत सिकलसेलवरील दोन जनुकोपचारांना मान्यता मिळाली. त्यातल्या एकात बालहिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतात. दुसऱ्यात बीटा साखळीच्या ८७व्या जागी मुद्दाम ग्लुटामीन बसवलेले जनुक रोग्याच्या पेशींत घालतात. हे उपचार आज फार महाग आहेत. परंतु एका मण्याचा शेजार ओळखल्यामुळे औषध कसे घडते, याचा याहून स्पष्ट दाखला मला ठाऊक नाही.

पालक बंधू-भगिनींनो, आता थोडे तुमच्याशी. सिकलसेल विदर्भात, नंदुरबार-धुळ्याकडे, गडचिरोलीत आणि मेळघाटात आढळतो. आदिवासी बांधवांत अधिक, पण त्यांच्यापुरताच नाही. रोग जात किंवा मजहब विचारून येत नाही. अरबस्तानच्या पूर्व भागातही तो आहे आणि तिथला प्रकार आपल्याकडच्या प्रकाराशी जुळतो; म्हणून शास्त्रज्ञ त्याला अरब-भारतीय प्रकार म्हणतात. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याचा संभव चारात एक असतो. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली असे नाही. हिशेब दरवेळी नव्याने होतो. वाहक स्वतः बहुधा धडधाकट असतो, म्हणून त्याला स्वतःचा पत्ता नसतो. जवळच्या नात्यात निकाह होतो तेव्हा दोघांकडे एकच सदोष जनुक असण्याचा संभव वाढतो. यात कोणाचा दोष नाही आणि शरम वाटण्याजोगेही काही नाही. पण रक्ताची एक साधी तपासणी निकाहापूर्वी करून घेणे आपल्या हाती आहे. कोणी म्हणेल, हे आपल्या रीतीत बसत नाही. त्यांना मी एवढेच सांगेन, की सौदी अरबस्तानात २००४ पासून निकाहापूर्वी सिकलसेल आणि थॅलॅसेमियाची तपासणी सक्तीची आहे. आपल्या देशातही जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे. शहाणपणाची गोष्ट जिथे मिळेल तिथून घ्यावी.

दुसरी गोष्ट मुलांच्या शिक्षणाची. "एवढे शिकून पुढे काय?" असे पालक विचारतात, फीचे, प्रवासाचे ओझे ज्यांच्या खांद्यावर आहे त्यांनी विचारणे गैरही नाही. पण शास्त्राचे काम श्रीमंतांच्या प्रयोगशाळेतच चालते ही समजूत जुनी झाली. प्रोटीन डेटा बँक नावाचा प्रथिनरचनांचा संग्रह १९७१ साली अवघ्या सात रचनांवर सुरू झाला. आज त्यात दोन लाखांहून अधिक रचना आहेत आणि त्या कोणालाही फुकट मिळतात. तिथे 'टू-एच-बी-एस' या नावाची नोंद आहे. ती सिकलसेलच्या हिमोग्लोबिनची. शाळेच्या संगणकावर ती उघडून सहावे व्हॅलीन, ८५वे आणि ८८वे मणी शोधता येतात आणि त्यांच्यातली अंतरे मी सांगितलेल्या रीतीने मोजता येतात. जो शोध लागायला अनेकांची आयुष्ये गेली, तो आपल्या संस्थेतली दहावीची मुलगी एका दुपारी स्वतः पडताळून पाहू शकते.

या विषयात गेल्या काही वर्षांत मोठी झेप घेतली गेली, तिचे मूळही शेजारातच आहे. एकाच प्रथिनाच्या हजारो प्राण्यांतल्या साखळ्या ताडून पाहिल्या, तर असे दिसते, की काही जोड्यांतला एक मणी बदलला की दुसराही बदलतो. कुलूप बदलले की किल्लीही बदलावी लागते, तसेच हे. असे मणी बहुधा शेजारी असतात. हा धागा धरून संगणकाला शिकवत शिकवत अल्फाफोल्ड ही प्रणाली तयार झाली. २०२० च्या जागतिक चाचणीत तिने केवळ क्रमावरून प्रथिनांच्या घड्या आश्चर्यकारक अचूकतेने सांगितल्या. २०२२ पर्यंत वीस कोटींहून अधिक अंदाजित रचना सर्वांसाठी खुल्या झाल्या. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना या कामासाठी, तर डेव्हिड बेकर यांना नवी प्रथिने रचण्यासाठी मिळाले. मात्र संगणकाने सर्व सांगून टाकले असे समजू नका. एखादा मणी बदलल्याने नेमके काय बिघडेल, हे अजूनही प्रयोगाने आणि माणसाच्या विचारानेच पक्के करावे लागते. काम पुष्कळ शिल्लक आहे.

रचना पाहून कार्य ओळखावे, ही दृष्टी आपल्या वारशाला परकी नाही. तेराव्या शतकात इब्न अल्-नफीस या हकिमांनी हृदयाच्या दोन कप्प्यांमधली भिंत भरीव आहे, तिच्यात छिद्रे नाहीत, म्हणून रक्त एका बाजूकडून दुसरीकडे फुफ्फुसांवाटेच जात असले पाहिजे, असा निष्कर्ष मांडला. पण पूर्वजांचा अभिमान बाळगून पोट भरत नाही. तो वारसा आपल्या मुला-मुलींच्या वहीत उतरला तरच खरा.

विद्यार्थी मित्रांनो, घरी गेल्यावर वीस मण्यांची एक माळ ओवा, मण्यांवर आकडे घाला, मुठीत गोळा करा आणि कोण कोणाला टेकले ते चौकटीच्या कागदावर मांडा. गणित, भौतिकी आणि जीवशास्त्र ही तीन वेगळी पुस्तके नाहीत, हे तुम्हाला त्या कागदावर दिसेल. आणि पालकहो, तुमची मुलगी तो कागद घेऊन तुमच्याकडे आली, तर कामात असलात तरी दोन मिनिटे थांबून तिचे म्हणणे ऐका. तिला अकरावीला विज्ञान शाखा हवी असेल, तर नाही म्हणण्यापूर्वी तिच्या शिक्षकांशी एकदा बोला. घरातून मिळालेला आधार हाच मुलांचा सर्वांत जवळचा शेजार असतो.